शिक्षकांचा सर्व्हे करायचाय? आधी त्यांना रोज किती लिंका येतात ते बघा

माझा पहिला शिक्षक सर्व्हे दोन दिवसांत उरकला होता. गुगल फॉर्म, ४२ प्रश्न, ओळखीच्या एका केंद्रप्रमुखांना लिंक पाठवली, त्यांनी ती ग्रुपवर टाकली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीनशेच्या वर उत्तरं जमा. मी पेढे वाटायचेच बाकी होते. मग एक्सेल उघडलं तर एकाच शाळेतल्या सहा जणांची उत्तरं चार मिनिटांत आलेली, आणि सहाही जणांची अगदी स्पेलिंगच्या चुकीसकट सारखी. त्या शाळेत फोन लावला तर पलीकडून हसत उत्तर आलं, "अहो मॅडम, लिंक आली की आमच्याकडे एक जण सगळ्यांची भरून टाकतो, पाचच्या आत शंभर टक्के दाखवायचं असतं ना."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला रोज कुठली ना कुठली माहिती भरायची असते, कधी लिंक, कधी एक्सेल, कधी 'आजच्या आज हार्ड कॉपी'. माझा फॉर्म त्याच रांगेत जाऊन बसला आणि त्याला तीच वागणूक मिळाली. तेव्हापासून मी नवीन पोरापोरींना हेच सांगते की बाबांनो, सॅम्पलिंग पुस्तकातून शिकता येईल, पण तुमचा सर्व्हे 'वरून आलेली माहिती' वाटला की संपलं, उत्तरं मिळतील पण ती वरच्यांसाठी लिहिलेली असतील. एमएड, एमएसडब्ल्यूचं डिझर्टेशन करणारे किंवा एखाद्या संस्थेत नुकतेच लागलेले लोक मला बरेचदा विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत कारण मी इथेच फिरलेय.

१. आधी ठरवा, 'शिक्षक' म्हणजे कोण

हे सगळ्यात सोपं वाटतं आणि इथेच घोळ होतो. आपल्याकडे एकाच स्टाफरूममध्ये कायम शिक्षक असतो, शिक्षणसेवक असतो (२००० पासूनची योजना, तीन वर्षं मानधनावर, २०२३ पासून प्राथमिकला महिना १६ हजार), अंशतः अनुदानावरचा असतो, विनाअनुदानित तुकडीवरचा असतो, तासिका तत्त्वावरचा असतो, आणि कधीकधी गावानं वर्गणी काढून ठेवलेली एखादी ताईपण असते जिचं नाव कुठल्याच यादीत नसतं पण पहिलीचा वर्ग रोज तीच घेते. आश्रमशाळा वेगळ्या खात्याच्या. अंगणवाडी सेविका तर महिला व बालविकासकडे. यातलं कोण तुमच्या अभ्यासात आहे आणि कोण नाही हे दोन ओळींत कागदावर लिहा, आणि लिहिताना मुख्याध्यापक धरायचे का हेही ठरवा, ते मी एकदा न विचार करता ठरवलं होतं, शेवटी सांगते काय झालं.

प्रश्नही तसाच नेमका पाहिजे. 'शिक्षकांच्या समस्यांचा अभ्यास' हा प्रश्न नाही, ते गाऱ्हाणं आहे. 'द्विशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाचा आठवड्यातला किती वेळ प्रत्यक्ष शिकवण्यात जातो' हा प्रश्न झाला.

२. जे आधीच मोजलंय ते परत विचारू नका

किती शिक्षक आहेत, महिला किती, बीएड किती, वय काय, हे सगळं यूडायस प्लसमध्ये, म्हणजे देशातल्या सगळ्या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत आहे. प्रत्येक शाळेला ११ अंकी कोड असतो, आपला २७ नं सुरू होतो, पुढे जिल्हा, तालुका, गाव, शाळा असे अंक. माहितीची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. २०२४-२५ च्या आकड्यांत देशातले शिक्षक पहिल्यांदाच १ कोटीच्या वर गेले, आणि त्याच अहवालात एकशिक्षकी शाळा १ लाखावर आहेत. शाळानिहाय शिक्षकसंख्या साइटवर कुणालाही बघता येते, त्यामुळे ती विचारायला शाळेत जायची गरजच नाही.

पण यूडायस शाळाच भरते हे लक्षात ठेवा. मंजूर पदं, संच मान्यता (पटावरून शाळेला किती शिक्षक ते ठरवणं), पटसंख्या या सगळ्याचा त्या आकड्यांशी संबंध असतो, त्यामुळे ते आकडे रजिस्टरवरचे आहेत, वर्गातले नाहीत. तुमच्या सर्व्हेला जागा आहे ती याच फटीत.

बाकी 'असर' हा प्रथम संस्थेचा सर्व्हे घरोघरी जाऊन मुलांची चाचणी घेतो, २००५ पासून, पण गावातल्या सरकारी शाळेत जाऊन त्या दिवशी नेमणुकीचे किती आणि हजर किती तेही बघतो. मुंबईच्या टिसमधून (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) शिक्षकांवरचे मोठे अहवाल निघालेत ते वाचा, त्यातली प्रश्नावली बघायला मिळाली तर सोनं. आणि जगभरचं बघायचं असेल तर ओईसीडी या देशांच्या संघटनेचा 'टॅलिस' हा शिक्षकांचा आंतरराष्ट्रीय सर्व्हे, २००८ पासून होतो, भारत त्यात नाही, पण पद्धत शिकण्यासारखी आहे: साधारण प्रत्येक देशात २०० शाळा, प्रत्येक शाळेतून २० शिक्षक आणि मुख्याध्यापक. आता आपल्याकडे वाडीवरच्या शाळेत २० शिक्षक कुठून आणणार! मुलंच २० नसतात. म्हणून पद्धत उचला पण आकडे तसेच उचलू नका.

३. सॅम्पल: शाळेला एक शिक्षक ही चूक करू नका

शिक्षकांची नावनिशी यादी तुम्हाला मिळणार नाही, मिळाली तरी मोबाइल नंबरसकट फिरवू नका. शाळांची यादी मात्र मिळते. म्हणून दोन टप्प्यांत जायचं, आधी शाळा निवडायच्या, मग शाळेतून शिक्षक.

आता इथे जी चूक नव्वद टक्के डिझर्टेशनमध्ये दिसते (हा आकडा माझा वैतागाचा आहे, मोजलेला नाही) ती अशी की चिठ्ठ्या टाकून शाळा निवडल्या आणि प्रत्येक शाळेतून एक शिक्षक घेतला. वरवर किती न्याय्य वाटतं. पण समजा तालुक्यात १०० शाळा आहेत, त्यातल्या ६० द्विशिक्षकी आणि ४० शाळांत आठ-आठ शिक्षक. म्हणजे छोट्या शाळांत १२० शिक्षक, मोठ्यांत ३२०, एकूण ४४०. छोट्या शाळांतले शिक्षक खरे २७ टक्के. पण तुमच्या १०० जणांच्या सॅम्पलमध्ये ते ६० झाले. मग तुम्ही लिहिणार की 'तालुक्यातल्या बहुतांश शिक्षकांना दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळावे लागतात', आणि ते खोटं असणार, कुणीही खोटं बोललेलं नसताना.

यावर उपाय दोन. एक म्हणजे नंतर वजन द्यायचं, द्विशिक्षकी शाळेतल्या एका उत्तराला २ आणि आठ शिक्षकांच्या शाळेतल्या एका उत्तराला ८. दुसरा उपाय आधीच करायचा, ज्या शाळेत शिक्षक जास्त तिला निवडलं जायची शक्यता तेवढी जास्त. हे हातानंसुद्धा करता येतं: शाळांची यादी करा, शेजारी शिक्षकसंख्या, त्याच्या शेजारी बेरीज पुढे पुढे नेत जा, शेवटी ४४० येईल. २० शाळा हव्यात तर ४४० भागिले २०, म्हणजे २२. आता १ ते २२ मधला एक आकडा चिठ्ठीनं काढा, समजा ९ आला, मग ९, ३१, ५३, ७५ असं करत जा आणि तो आकडा ज्या शाळेच्या बेरजेत पडेल ती शाळा घ्या. मग प्रत्येक शाळेतून सारखेच शिक्षक. आता अडचण अशी की पाच-पाच जण घ्यायचे ठरवले तर द्विशिक्षकी शाळेत पाच आहेतच कुठे, म्हणून आपल्याकडे द्विशिक्षकी शाळांचा गठ्ठा वेगळा काढणं आणि तिथे दोघांनाही विचारणं बरं पडतं. उर्दू माध्यम, खासगी अनुदानित, आश्रमशाळा यांचेही गठ्ठे वेगळे, नाहीतर चिठ्ठीत एखादा प्रकार येतच नाही.

किती जण? सगळे ३८४ म्हणतात. तो आकडा बरोबर आहे पण कधी, तर ९५ टक्के खात्री आणि पाच टक्के चूक चालणार असेल, लोकसंख्या मोठी असेल आणि प्रत्येक माणूस सुटा सुटा निवडला असेल तर. एका शाळेतले पाच शिक्षक सुटे नसतात, एकाच मुख्याध्यापकाखाली, एकाच गावात, एकाच गळक्या छपराखाली असतात, त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात. ती किती सारखी आहेत त्याचा अंदाज ०.१ धरला तर १ अधिक चार (पाच वजा एक) गुणिले ०.१, म्हणजे १.४ नं गुणायचं, ३८४ चे झाले ५३८. उलट तालुक्यात मुळात ६०० च शिक्षक असतील तर हाच ५३८ चा आकडा २८४ च्या आसपास खाली येतो. आणि न भेटणारे लोक धरून वर थोडे जास्त. गाइडनं विचारलं ३८४ का नाही, तर हे सांगा, खूश होतील.

शाळेतून शिक्षक निवडताना मुख्याध्यापकांना 'कोणाशी बोलू?' विचारू नका. ते तुम्हाला तंत्रस्नेही शिक्षकाकडे पाठवतात, तो छान बोलतो, पीपीटी दाखवतो. हजेरीपट मागा, त्यावरून चिठ्ठी काढा. आणि चिठ्ठीत आलेला माणूस आज नाही म्हणून शेजारचा घेतला असं करायचं नाही, परत जायचं. तो आज का नाही? बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला गेलाय, ट्रेनिंगला गेलाय, पंचायत समितीत कागद द्यायला गेलाय. तुम्ही शिक्षकांवरचं बाहेरचं काम मोजायला निघालात आणि ज्यांच्यावर ते काम आहे नेमके तेच वगळले तर आकडा कमीच येणार ना.

४. प्रश्न: 'तुम्ही कुठे राहता' हा साधा प्रश्न नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, जमलं तर दोन महिने.

नवीन लोकांच्या प्रश्नावलीत पहिल्या पानावर हमखास असतं, 'राहण्याचे ठिकाण'. बिचाऱ्यांना वाटतं ही तर ओळखीची माहिती. पण जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहणं अपेक्षित असतं, घरभाडे भत्त्याचा त्याच्याशी संबंध जोडला जातो, त्यावरून नोटिसा निघतात, गावात वाद होतात. अर्धे लोक तालुक्याच्या गावाहून येतात, मुलांच्या शाळेसाठी म्हणा, नवराबायकोच्या नोकरीसाठी म्हणा. तुम्ही 'राहण्याचे ठिकाण' विचारलं की शाळेच्या गावाचं नाव लिहिलं जातं आणि पेन थोडा वेळ थांबतो. त्यानंतरची वीस उत्तरं सावधपणे येतात. मला जेव्हा खरंच प्रवासाचा वेळ हवा होता तेव्हा मी शेवटच्या पानावर विचारलं, 'काल घरून निघाल्यापासून शाळेत पोचेपर्यंत किती वेळ लागला, कशानं आलात?' गावाचं नाव नाही, काही नाही. मग लोक खुलतात, एक मॅडम म्हणाल्या काळी-पिवळी भरेपर्यंत सुटत नाही, तिच्यात चौदावा माणूस मीच असते. आणि तुमच्या विषयाला प्रवासाची गरजच नसेल तर प्रश्न काढून टाका.

टीईटीचंही (शिक्षक पात्रता परीक्षा) आता तसंच झालंय. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी पास व्हावी लागेल, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त असतील त्यांना दोन वर्षांची मुदत. तो खटलाही आपल्या महाराष्ट्रातलाच होता. त्याच्या आधी 'टीईटी उत्तीर्ण: हो/नाही' हा चौकटीत टिक करायचा प्रश्न होता, आता वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला तो नोकरीचा प्रश्न वाटतो. म्हणजे जुनी प्रश्नावली जशीच्या तशी उचलताना बघा की मधल्या काळात कुठला प्रश्न तापलाय.

मग भाषा. 'सहमत, पूर्णतः सहमत, तटस्थ' ही पट्टी इंग्रजीतून आलीय आणि आपल्याकडे ती शासकीय वाटते. समोरच्याला वाटतं सहमत म्हणणंच बरोबर. 'तटस्थ' तर लोक 'मला यात पाडू नका' या अर्थानं टिक करतात. मी 'खूप पटतं, पटतं, फारसं पटत नाही, अजिबात पटत नाही' अशी चारच ठेवते आणि अर्धी वाक्यं उलटी लिहिते, म्हणजे सरसकट पहिल्या खुणेवर टिक करत गेलेला लगेच कळतो. 'प्रशिक्षण वेळेवर आणि उपयुक्त असते' असलं वाक्य नको, वेळेवर असतं पण उपयुक्त नसतं त्यानं काय टिक करावं? 'अशैक्षणिक कामे' हा शब्दही प्रश्नात वापरू नका, तो मोर्च्याच्या बॅनरवरचा शब्द आहे, ऐकला की उत्तर ठरलेलं. आणि आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण, निवडणूक ही कामं चालतात म्हटलंय, मग ती त्यात धरायची का नाही यावर स्टाफरूममध्ये अर्धा तास भांडण होतं. त्यापेक्षा कामांची नावं द्या.

'तुम्ही नोकरीत समाधानी आहात का' ला सगळे हो म्हणतात, पाहुण्यापुढे घरचं रडगाणं कोण गातं. टॅलिसमध्ये एक वाक्य आहे, पुन्हा ठरवायची वेळ आली तर मी शिक्षकच होईन, अशा अर्थाचं, ते चांगलं चालतं. माझा त्याहून लाडका प्रश्न म्हणजे 'तुमची मुलगी डीएड करते म्हणाली तर काय सांगाल?' मोकळं उत्तर लिहून घ्यायचं. इथे लोक आधी हसतात आणि मग बोलतात.

वेळ मोजायचा असेल तर 'आठवड्यातून सरासरी किती तास' कधीच नको. आरटीई कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास लिहिलेत, तयारीसकट, आणि ते माहीत असलेला माणूस बरोबर ४५ लिहून देतो. कालचा दिवस विचारा, काल सुट्टी असेल तर शेवटचा कामाचा दिवस, शनिवार असेल तर सकाळची शाळा हे नोंदवा. अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने पाडा, प्रत्येकात दोन ओळी, मुख्य काम आणि सोबत चालू असलेलं काम. हे दोन ओळींचं फार महत्त्वाचं. तिसरी-चौथी एकत्र बसलीय, तिसरीला गणितं दिलीत, चौथीला वाचन चालू आहे आणि सरांच्या हातात मोबाइल, पोषण आहाराचा आजचा आकडा भरतायत. हा अर्धा तास शिकवण्याचा की माहितीचा? एकच ओळ असेल तर तुम्ही जे शोधताय तेच त्या ओळीत बसत नाही.

५. शब्द बदलला की आकडा बदलतो

हे एकदा नीट बघा म्हणजे प्रश्नावलीत इतकी मारामारी का ते कळेल. २००२-०३ च्या सुमारास २० राज्यांतल्या सुमारे ३७०० सरकारी शाळांना न सांगता भेटी दिल्या गेल्या, मायकेल क्रेमर (ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं), कार्तिक मुरलीधरन वगैरे मंडळींचा अभ्यास. त्यात २५ टक्के शिक्षक शाळेत नव्हते. महाराष्ट्राचा आकडा सगळ्यात कमी, जेमतेम १५ टक्के, झारखंडचा ४२ च्या आसपास. 'चारातला एक गुरुजी दांडीवर' अशी बातमी झाली आणि अजून होते.

२०१७ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशननं सहा राज्यांतल्या ६१९ शाळांत जाऊन बघितलं. शाळेत नसलेले १८.५ टक्के होते. पण त्यांनी एक पायरी पुढे जाऊन विचारलं की का नाहीत, आणि रजेवर, ट्रेनिंगला, खात्याच्याच दुसऱ्या कामाला गेलेले बाजूला काढल्यावर कारण नसताना गैरहजर उरले २.५ टक्के. दोन्ही अभ्यासांत फसवाफसवी नाही. मुलांच्या बाजूनं बघितलं तर पहिला आकडाच खरा, वर्गात बाई नाहीत म्हणजे नाहीत, मग त्या कुठे का असेनात. शिक्षकाच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलायचं असेल तर मात्र दुसरा. तुम्ही 'अनुपस्थिती' लिहिलं आणि व्याख्या नाही दिली तर वाचणारा त्याच्या मनातली व्याख्या घालणार.

६. आधी पाच जणांवर करून बघा

पायलट म्हणजे ५० फॉर्म भरून बघणं नाही. ओळखीच्या चार-पाच शिक्षकांना एकेक प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, 'हे वाचून तुमच्या मनात काय आलं?' एवढंच. 'अनुभव किती वर्षं' या प्रश्नावर मला पाच जणांत चार अर्थ मिळाले: या शाळेतले, एकूण नोकरीतले, शिक्षणसेवकाची तीन वर्षं सोडून, आणि एकानं नोकरी लागायच्या आधीची खासगी क्लासची वर्षंही धरली.

७. परवानगी आणि महिना

शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र लागतं, गटशिक्षणाधिकाऱ्यांना त्याची प्रत, खासगी शाळा असेल तर संस्थाचालकांना भेटा. पत्र घ्याच, त्याशिवाय जाऊ नका, पण पत्रानं दार उघडतं आणि तोंड बंद होतं हेही खरं. म्हणून पत्र मुख्याध्यापकांकडे द्या आणि शिक्षकाशी बोलताना ते पुढे करू नका, आणि अधिकाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की लिंक ग्रुपवर टाकायची नाही, 'शंभर टक्के' असा मेसेज टाकायचा नाही, शाळानिहाय उत्तरं परत मागायची नाहीत. ते शेवटचं लेखी घेतलंत तर बेस्ट.

महिना निवडताना: जून कामाचा नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात यूडायस, मग सत्र परीक्षा, मग दिवाळी. फेब्रुवारी-मार्चला शिष्यवृत्ती आणि बोर्ड. एप्रिलमध्ये ऊन. उरतो जुलैचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्ट, आणि दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंत. निवडणूक लागली तर सगळंच पुढे.

८. शाळेत पोचल्यावर

तुम्ही फाटकात शिरलात की 'व्हिजिट आली' असं होतं. मुलं उठून एका सुरात नमस्ते म्हणतात, रजिस्टरं टेबलावर येतात, चहा येतो, जाताना शेरेबुक पुढे येतं, 'मॅडम, दोन ओळी शेरा लिहा'. नवीन असताना मी खूश होऊन 'शाळेचा परिसर स्वच्छ, विद्यार्थी गुणवत्ता उत्तम' वगैरे लिहिलं होतं. मग पुढच्या शाळेत काय लिहिणार? आणि उत्तम लिहिणारी बाई तपासणारी बाई झालीच ना. आता फक्त तारीख, नाव आणि 'अभ्यासासाठी भेट दिली, वेळ दिल्याबद्दल आभार' एवढंच लिहिते.

तास चालू असताना वर्गातून बाहेर बोलवू नका, शिकवायच्या वेळेवरचा सर्व्हे शिकवायचा वेळ खाऊन करायचा म्हणजे कमाल. मधली सुट्टीही नको, तेव्हा खिचडीचं वाटप असतं. शाळा सुटल्यावर बोलायचं तर मॅडम लोकांची शेवटची गाडी विचारून घ्या, घड्याळाकडे बघत दिलेली उत्तरं कामाची नसतात. सोयीचं नसेल तर फोन नंबर घेऊन रात्री साडेआठनंतर फोन, हे बऱ्याच जणांना उलट आवडतं, घरी असतात, आजूबाजूला कुणी नसतं.

मुख्याध्यापक शेजारी खुर्ची ओढून बसतातच. उठा म्हणता येत नाही. आम्ही दोघं जातो, एक जण मुख्याध्यापकांची वेगळी प्रश्नावली घेऊन त्यांना ऑफिसात गुंतवतो, ती मुद्दाम लांब ठेवलेली असते. खासगी संस्थेतल्या शिक्षकांना पगाराबद्दल शाळेच्या आवारात काहीही विचारू नका. खात्यावर किती येतो आणि हातात किती राहतो हे दोन वेगळे प्रश्न असू शकतात, आणि ते विचारायची जागा स्टाफरूम नाही.

संमती वाचून दाखवताना शासकीय मराठी नको. सरळ सांगा, तुमचं नाव लिहिणार नाही, शाळेचं नाव छापणार नाही, हा प्रश्न नको वाटला तर पुढचा घेऊ, मधेच थांबायचं तर थांबू. पण मग ते पाळा. द्विशिक्षकी शाळेत 'महिला, ३६ वर्षं, अमुक केंद्र' एवढं छापलं तरी अख्ख्या तालुक्याला कळतं कोण ते. तालुक्यात उर्दू माध्यमाची एकच शाळा असेल तर तिचा वेगळा रकाना तक्त्यात नको. पाचपेक्षा कमी माणसं असलेला कुठलाही रकाना मी छापत नाही.

९. डेटा आला, आता संशय घ्या

कागदाऐवजी मोबाइल वापरणार असाल तर कोबो टूलबॉक्स चांगलं आहे, फुकट आहे, रेंज नसली तरी चालतं, आणि मुलाखत कधी सुरू झाली कधी संपली याची वेळ त्यात ठेवता येते. चाळीस मिनिटांची मुलाखत सहा मिनिटांत झाली असेल तर तुमच्या माणसाला प्रेमानं विचारा. दहातला एक फॉर्म घेऊन दुसऱ्याच कुणीतरी त्या शिक्षकाला फोन करायचा आणि तीन-चार प्रश्न परत विचारायचे.

एक अगदी घरगुती त्रास सांगते, कुठल्या पुस्तकात नसतो. आकड्यांच्या जागी कुणी मराठी आकडे टाइप करतं कुणी इंग्रजी, आणि एक्सेल मराठी '३०' ला बरेचदा आकडा मानतच नाही, अक्षरं मानतं, बेरजेत धरत नाही आणि बोंबही मारत नाही. आमची एकदा सरासरी पटसंख्या अशीच चुकली होती. फॉर्ममध्येच ती जागा फक्त अंकांची ठेवा. तसंच जन्मसाल आणि नोकरीचं साल वजा करून बघा, चौदाव्या वर्षी लागलेले दोन-तीन गुरुजी प्रत्येक सर्व्हेत सापडतात.

अहवालात किती जणांना विचारलं, किती भेटले, किती नाही म्हणाले आणि ते कोण होते हे लिहा. टॅलिसमध्ये शाळा आणि शिक्षक दोन्हींचा ७५ टक्के प्रतिसाद हा निकष धरतात. आपल्याकडे शंभर टक्के आला तर मी आनंद मानत नाही, माझ्या त्या पहिल्या सर्व्हेचा जवळजवळ शंभर टक्केच होता.

१०. परत जा

निकाल ज्यांनी वेळ दिला त्यांना आधी दाखवा. केंद्राची शिक्षण परिषद असते, तिथे पंधरा मिनिटं मागून घ्या. मराठवाड्यातल्या एका केंद्रात मी वेळेचा तक्ता घेऊन गेले होते, कालच्या दिवसाचे रकाने वापरून बनवलेला, शिकवणं इतकं, माहिती इतकी, पोषण आहार इतका. पोषण आहाराची पट्टी अगदी बारकी होती आणि मी ती बोटानं दाखवून म्हटलं की बघा, लोक बोलतात तेवढा वेळ काही जात नाही. मागून एक वयस्कर सर उठले, म्हणाले, "मॅडम, तुम्ही मुख्याध्यापकांना सोडून विचारलंत ना? आमच्या शाळेत दोघंच. तांदूळ उतरवून घेतो मी, साठा लिहितो मी, आकडा टाकतो मी, आणि पहिली-दुसरीपण मलाच. मला तर तुमच्या पोरानं ऑफिसात बसवून इमारतीचे प्रश्न विचारले."

त्या केंद्रातल्या द्विशिक्षकी शाळांत आम्ही पुढच्या आठवड्यात परत गेलो, यावेळी मुख्याध्यापकांसाठी कालच्या दिवसाचे रकाने घेऊन.